पोट खरंच दुखतं

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की शाळेत चिठ्ठ्या येऊ लागतात. कुणाचं पोट, कुणाचं डोकं, कुणाच्या छातीत धडधड. शाळेत म्हणतात बहाणा, घरी दादी म्हणते नजर लागली. मुलाला खरंच दुखत असेल, हे मात्र पटकन कुणी धरून चालत नाही.

जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यासोबत एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. दर दहांत सुमारे एका मुलाचं पोट वारंवार दुखत होतं, इतकं की रोजच्या कामात खंड पडावा. त्यातल्या बहुतेकांच्या तपासणीत शारीरिक आजार सापडला नाही. आजार सापडला नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. भीती वाटली की हृदय जोरात धावतं, आतडी आवळतात, श्वास भराभर होतो आणि बोटांना मुंग्या येतात. हे सगळं शरीरातच घडतं.

तरीही आधी डॉक्टर. झोपेतून उठवणारं दुखणं, घटणारं वजन, ताप, पुन्हा पुन्हा उलट्या, शौचात रक्त, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. मुलगी सारखी थकत असेल, चक्कर येते म्हणत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आढळला होता. पाळीचं दुखणंही ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडून देऊ नये.

डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटलं, तरी दुखणं राहिलं, तर मग स्वभावाकडे पाहावं लागतं. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला घंटा होईपर्यंत भूक लागल्याचंही कळत नाही. दुसऱ्याला स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. शांत बसून, नाडीला हात न लावता, अर्धा मिनिट ठोके मोजून पाहा. घरातल्या प्रत्येकाला ते सारखे जाणवणार नाहीत. शरीराची जाणीव तीव्र असणं हा काही दोष नाही. पण असं मूल काळजी करणारं असेल, तर प्रत्येक ठोका त्याला धोक्याचा वाटतो. त्यात हे वय असं, की उंची, आवाज, चेहरा, सगळंच बदलतंय आणि लक्ष सारखं स्वतःच्या अंगाकडे.

आणि इथे आपली माया आड येते. अमेरिकेतल्या लिन वॉकर यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना भरपूर पाणी पाजून पोट जड केलं. मग काही आईवडिलांना दुखण्याबद्दल आपुलकीने बोलायला सांगितलं, काहींना दुसराच विषय काढायला. पहिल्या गटातल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, दुसऱ्यात निम्म्यावर आल्या. मला सगळ्यात बोलकं वाटलं ते पुढचं : विषय बदलणं मुलाला त्रासदायक होईल असं पालकांना वाटत होतं, पण मुलं म्हणाली, त्यानेच बरं वाटलं!

म्हणजे रागवायचं नाही, आणि दर अर्ध्या तासाने ‘अजून दुखतंय का, बेटा?’ असंही विचारायचं नाही. एकदा नीट ऐकून घ्या, ‘दुखतंय, मान्य’ म्हणा आणि त्याला भाजी निवडायला जवळ बसवा. शक्यतो शाळेत पाठवा, निदान दोन तास तरी. घरी ठेवलंच तर मोबाईल आणि आवडीचं जेवण यांची चंगळ नको. दुखण्याऐवजी शाळेबद्दल विचारा, तेही समोर बसवून नको. गाडीवर मागे बसलेली मुलं जास्त बोलतात, हा माझा अनुभव. कुणीतरी चिडवत असतं, एखाद्या विषयात काहीच कळत नसतं, किंवा शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून मुलगी दिवसभर पाणीच पीत नसते.

चिठ्ठी लिहाल तेव्हा ‘पोट दुखते’ याच्याखाली एवढं जरूर लिहा : कधीपासून, आणि कोणत्या वारी जास्त. दर मंगळवारी दुखत असेल, तर आम्ही मंगळवारचं वेळापत्रक काढून पाहू.