दुसरा भाग वाचू द्या की पोरांना!

थोडं लांबलंय, पण सुट्टी लागायच्या आत लिहायचंच होतं.

"पहिला वाचलास ना? मग बास. दुसऱ्यात काय वेगळं असणार? तीच जादू, तेच झाडू!" हॅरी पॉटरचा दुसरा भाग मागणाऱ्या पोराला घरोघरी हे ऐकवलं जातं. वर ठेवणीतलं वाक्य असतंच, "त्यापेक्षा अभ्यासाचं काहीतरी वाच."

मंडळी, माझं मत नेमकं उलटं आहे. पहिल्या भागात मुलांना जादू दिसते, दुसऱ्यात समाज दिसायला लागतो. म्हणून एकच भाग देणार असाल तर अर्धंच ताट वाढताय.

'चेंबर ऑफ सिक्रेट्स' हा दुसरा भाग १९९८ साली आला, पहिल्यानंतर साधारण वर्षभराने. पहिल्यात सगळी नवलाई असते. किल्ल्यातली शाळा, बोलकी चित्रं, उडते झाडू. दुसऱ्या वर्षी हॅरी त्याच शाळेत परत येतो तेव्हा वाचणारं पोरगंही तिथलं झालेलं असतं. मग ते प्रश्न विचारायला लागतं. इथं राबतं कोण? हुकूम कुणाचा चालतो? कमी कुणाला लेखतात?

डॉबी घ्या. श्रीमंत घरातला पिढीजात नोकर. अंगावर जुना उशीचा अभ्रा, पगार नाही, सुट्टी नाही. मालकाविरुद्ध चकार शब्द निघाला तर स्वतःच स्वतःला मारून घेतो. मालकाने कपडा दिला तरच त्याची सुटका. शेवटी एका मळक्या मोज्याने तो सुटतो. दहा वर्षांचं मूल हे वाचून हसतं, आणि मग आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे जरा वेगळ्या नजरेने बघतं. हे नागरिकशास्त्राच्या धड्याने होतं का, सांगा.

हर्मायनी वर्गात सगळ्यात हुशार. पण आईवडील जादूगार नाहीत, म्हणून तिच्या रक्तावरून तिला शिवी दिली जाते. रक्त शुद्ध कुणाचं, शाळेत शिकायचा हक्क कुणाला, या वादावरच अख्खं पुस्तक उभं आहे. गोष्ट ब्रिटनमधली आहे, पण जन्मावरून माणूस मोजणं काय असतं हे आपल्या पोरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता कारभार बघा. शाळेत मुलांवर हल्ले होतात, गुन्हेगार सापडत नाही. तेव्हा मंत्रिमहोदय येतात आणि पुरावा नसताना हॅग्रिडला उचलून तुरुंगात टाकतात. कारण? सरकार काहीतरी करतंय हे लोकांना दिसलं पाहिजे! त्याच रात्री मुख्याध्यापकांना पदावरून दूर करणारा कागद येतो, त्यावर शाळेच्या बाराही विश्वस्तांच्या सह्या. पुढे कळतं की त्यातल्या एकाने बाकीच्यांना धमकावून त्या घेतल्या होत्या. संस्थेच्या राजकारणाचा अनुभव असलेल्यांनी इथं मान डोलवावी.

आणि लॉकहार्ट मास्तर! मुलांना स्वतःचीच सात पुस्तकं विकत घ्यायला लावतात, पहिल्याच तासाला स्वतःवरच ५४ प्रश्नांची चाचणी घेतात. पराक्रम दुसऱ्यांचे, फोटो यांचा. फॉलोअर बघून माणसाची लायकी ठरवण्याच्या काळात हे पात्र मुलांना भेटलंच पाहिजे.

अफवांचंही तसंच. हॅरी सापाशी बोलतो, सापाला आवरायलाच बोलतो, पण बघणाऱ्यांना वाटतं तो चिथावतोय. दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा त्याला गुन्हेगार ठरवून मोकळी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

काही पालक म्हणतात, जादूटोण्याने अंधश्रद्धा वाढेल. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की या पुस्तकातलं मुख्य कोडं मंत्राने सुटत नाही. हर्मायनी ग्रंथालयात जाऊन शोधते, आणि जुन्या पुस्तकातल्या एका पानावरून हल्लेखोर प्राणी कोणता ते कळतं. (ते पान तिने फाडलं, हे मात्र वाईट. आमच्या ग्रंथपाल बाईंनी दंड केला असता!)

दुसरा आक्षेप, "सिनेमा बघितलाय की." सिनेमा अडीच-पावणेतीन तासांत संपतो. पुस्तक आठवडाभर डोक्यात घोळतं. मधेच थांबता येतं, मागची पानं चाळता येतात, आईला विचारता येतं. विचार त्या थांबण्यात होतो.

मालिका वाचणं आपल्याकडे नवीन नाही. ताम्हनकरांचा गोट्या तीन भागांत आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पुस्तकामागून पुस्तक येतच राहिला. ओळखीची माणसं पुन्हा भेटणार म्हटल्यावर न वाचणारं मूलही जाड पुस्तक उचलतं. हॅरीचा पहिला भाग मंजुलने 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मराठीत आणला, तेव्हा इंग्रजीची अडचणही सांगू नका.

खरी अडचण कपाटात आहे. पहिला भाग असतो, दुसरा नसतो, पाचवा कुणीतरी देणगीत दिलेला असतो. मूल दोनदा रिकाम्या हाताने परत गेलं की तिसऱ्यांदा मोबाईल उघडतं. आपल्या राज्यात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे, शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळतं. ते तुटपुंजं आहे, वेळेवर येत नाही, सगळं मान्य. तरीही खरेदीची यादी करताना एक साधा नियम पाळता येईल: मुलांची मालिका घ्यायची तर क्रमाने घ्या, निदान पहिले दोन भाग तरी एकत्र. सभासदांनीही मागणी तोंडी न सांगता लिहून द्यावी. लिहिलेली मागणी मासिक सभेत मांडता येते.

तुमच्या जवळच्या ग्रंथालयात कोणत्या मालिकेचा कोणता भाग नाही, ते खाली लिहा. घरी जास्तीची प्रत धूळ खात असेल तर तेही लिहा. यादी करून कार्यवाहांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे.

आणि पोराने दुसरा भाग मागितला, तर एकदा स्वतःही वाचून बघा.