फ्लेक्स सोडा, काम मोजा


रोटरी, लायन्ससारखे क्लब म्हणजे जेवणावळी आणि फोटो, असा सूर लावणारे पत्र वाचले. रोटरीचे वर्ष १ जुलैला उजाडते. त्या सुमारास चौकाचौकांत लागणाऱ्या पदग्रहणाच्या फ्लेक्सना मीही विटलो आहे. पण बैठका निरर्थक, हे पटत नाही. वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे एकत्र बसवायची, ही पॉल हॅरिस यांची १९०५ची शिकागोतली मूळ कल्पना. त्यामुळेच तर नेत्रशिबिरासाठी डॉक्टर, मंडपवाला आणि टेम्पो दोन फोनवर मिळतात!

पोलिओचेच घ्या. रोटरीने १९८५ मध्ये त्याच्या निर्मूलनाचा विडा उचलला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. घरोघर फिरल्या त्या आशाताई आणि अंगणवाडीसेविका, हे खरेच. पण स्वयंसेवकांची आणि निधीची जोडही मोठी होती.

माझी तक्रार वेगळी आहे. क्लबांचे उपक्रम शहराभोवतीच घुटमळतात, गरज मात्र गावांत आहे. बारामतीच्या कालव्याखाली ऊस डोलतो, त्याच तालुक्यात सुपे-मोरगावकडे लोक टँकरची वाट पाहतात. इंदापुरात एकीकडे उजनी धरणाचा फुगवटा, दुसरीकडे कोरडी शिवारे. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात पाझर तलावांचे काम झाले, १९७१ मध्ये अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टही उभा राहिला. तो वारसा शेजारी असताना क्लबांनी वृक्षारोपण म्हणून दरवर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपे का लावावीत? गेल्या वर्षीची किती जगली, हा हिशेब पुढच्या पदग्रहणात आधी वाचून दाखवावा, सत्कार मग.

एक वाचक, इंदापूर