पित्ताच्या गोळीवर किती वर्षे काढणार?



‘साध्या अ‍ॅसिडिटीसाठी पोटविकारतज्ज्ञ कशाला?’ असा सूर वाचकपत्रांतून अधूनमधून निघतो. तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे मला तो रोजच ऐकावा लागतो. ‘पित्ताची एक पट्टी द्या,’ म्हणत माणूस येतो. चिठ्ठी नसते. हवी असते ती गोळी बहुधा पँटोप्राझोलची. पट्टीवर लाल रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही. मी चिठ्ठी मागतो आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते.

गोळी वाईट नाही. जेवणाआधी अर्धा तास घेतली तर आम्ल चांगले कमी करते (लोक घेतात जेवणानंतर, जळजळ सुरू झाल्यावर). अडचण अशी की तिने बरे वाटते आणि आजार आत तसाच राहतो. जठरातल्या व्रणाला आपल्याकडे अजून तिखटाला आणि काळजीला जबाबदार धरतात. त्यामागे अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना त्या शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले. या जंतूवर बहुधा चौदा दिवसांचा, अँटिबायोटिकसह कोर्स लागतो. चौथ्या दिवशी जळजळ थांबली की अर्धी पाकिटे घरीच पडून राहतात. शिवाय जंतूची तपासणी करायची तर ही पित्ताची गोळी आधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. वर्षानुवर्षे गोळीवर असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? व्रणाचे दुसरे कारण गुडघेदुखीच्या गोळ्या. शेतात राबणारी माणसे डायक्लोफिनॅक रिकाम्या पोटी घेतात आणि वर पित्ताची गोळी मागतात.

आक्षेप ठाऊक आहे : ‘तज्ज्ञाकडे गेले की लगेच दुर्बीण घालतात.’ काही ठिकाणी तसे होतही असेल, आणि तिथे रुग्णाने ‘ही तपासणी कशासाठी?’ असे जरूर विचारावे. पण चांगला तज्ज्ञ निम्मे काम बोलूनच करतो. कुणाला सांगतो की तुमच्या आतड्याची हालचाल नाजूक आहे, तपासणी नको, जेवणाच्या वेळा सांभाळा. कुणाला लगेच एंडोस्कोपीला घेतो. घशात बधिर करणारा फवारा मारून पाच-दहा मिनिटांत उरकणारी ही तपासणी आहे. कोणाला ती हवी आणि कोणाला नको, हे मी काउंटरवरून ओळखू शकत नाही.

खरी तक्रार वेगळी आहे. आमच्याकडच्या रुग्णाला हा तज्ज्ञ गाठायला सोलापूर किंवा पुणे करावे लागते. एक दिवसाचा रोज बुडतो, सोबत माणूस लागतो, एसटीचे भाडे वेगळे. मग जाणे दिवाळीनंतर, नाहीतर सुगीनंतर. म्हणून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी पोटविकारतज्ज्ञाची ओपीडी आणि एंडोस्कोपीची सोय आरोग्य विभागाने सुरू करावी. कायमचा डॉक्टर मिळत नसेल तर शहरातल्या तज्ज्ञांना मानधन देऊन बोलवावे. खासगी दवाखाने आजही आमच्या गावात असे व्हिजिटिंग डॉक्टर आणतातच.

तोवर वाचकांना विनंती. वजन आपोआप उतरत असेल, घास अडकत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल (लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते, तेही डॉक्टरांना सांगा), तर पट्टी मागायला माझ्याकडे येऊ नका. त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी तज्ज्ञाकडे जा.

— एक औषधविक्रेता, सांगोला (जि. सोलापूर)