अंथरूण कोणी बेतले?

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण वर्गात काटकसरीचा धडा म्हणून शिकवतो. तिच्या वाच्यार्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्याची उंची सहा फूट चार इंच आहे आणि वजन एकशे पंधरा किलोच्या पुढे आहे, त्याला मात्र ही म्हण लक्षणेने नव्हे, अभिधेनेच भेटते. पलंग, लोकलचा बाक, नाट्यगृहातील खुर्ची आणि मोटार, सर्वत्र तिचा शब्दशः अर्थच लागू होतो. प्रस्तुत लेखक अशा देहाचा धनी असल्याने मोटार शोधण्याचा उद्योग त्याने बराच काळ केला आहे. त्यातून एक प्रश्न शिल्लक राहिला. तो मोटारींपुरता मर्यादित नाही, म्हणून येथे मांडावासा वाटतो. म्हण पाय आवरायला सांगते, पण अंथरूण कोणी आणि कोणाच्या मापाने बेतले, हे कधी विचारत नाही.

एके काळी आपली भाषा जगाचे मोजमाप देहाने करीत असे. वीत, हात, अंगुळ ही तर उघड मापे झाली. विहिरीची खोली परसांत सांगितली जाई, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीत. गुडघाभर चिखल, छातीएवढे पाणी असे आपण अजूनही म्हणतो. या मापांत अचूकता नव्हती हे खरे, पण प्रत्येकाच्या हातापुरती ती खरी होती. कारखान्याच्या युगात हा संबंध उलटला. आता वस्तू आधी ठरते आणि देहाने तिच्यात बसायचे असते. आधुनिक वास्तुकलेचा धुरीण ल कॉर्बुझिए याने 'मोड्युलर' ही मापपद्धती रचली, तेव्हा आदर्श पुरुषाची उंची आधी १७५ सेंटिमीटर धरली होती. नंतर त्याने ती १८३ केली आणि कारण दिले ते असे, की इंग्रजी रहस्यकथांतील देखणे पुरुष नेहमी सहा फुटी असतात. ज्याने चंडीगढचा आराखडा केला, त्याचे माप कथावाङ्मयातून आले होते. साहित्याच्या अभ्यासकांनी ही गोष्ट विसरू नये. 'प्रमाण' माणूस निसर्गात सापडत नाही, तो कोणीतरी कल्पिलेला असतो.

वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न रोज छळतो. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' हा जणू घटनादत्त अधिकार आहे. त्यामुळे धिप्पाड माणसाचे बसणे ही सार्वजनिक चर्चेची बाब होते. तो बसला की चौथा कोठे टेकणार, हा हिशेब नजरेनेच मांडला जातो. शेअर रिक्षातही तेच. मग मोटारीकडे वळावे, तर रेल्वे खाडी सरळ ओलांडते पण मोटारीला घोडबंदरचा वळसा पडतो. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईला नित्य जाणाऱ्यांचा मुख्य मार्ग महामार्गच आहे. तेथील कोंडीत दीड-दोन तास क्लच दाबत, गुडघे स्टिअरिंगला टेकवून बसणे म्हणजे काय, हे उंच माणसाच्या कमरेला विचारावे.

मोटारींचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अॅम्बॅसॅडर आणि पद्मिनी या गाड्यांना पुढे बाकासारखे सलग आसन असे आणि मोठ्या देहाला ते सोयीचे पडे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाचे मोटारीचे स्वप्न ३.३ मीटर लांबीत दुमडले गेले. त्या गाडीचे उपकार मोठे आहेत, परंतु तिने उंच माणसाला मान वाकवायला शिकवले, हेही नोंदवले पाहिजे. तथापि जागा ही केवळ लांबीची मिंधी नाही, हे याच देशात दोनदा सिद्ध झाले. वॅगन-आर भारतात १९९९ च्या अखेरीस आली. मूळ जपानमध्ये छोट्या मोटारींच्या लांबी-रुंदीवर कायद्याची कडक मर्यादा होती. उंचीला मात्र बराच वाव होता, म्हणून रचनाकारांनी छत उचलले आणि माणसाला ताठ बसवले. पुढे २००९ मध्ये बाजारात आलेली टाटा नॅनो मारुती ८०० पेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर आखूड आणि जवळजवळ तेवढीच उंच होती. आतील जागा मात्र सुमारे २१ टक्के अधिक असल्याचे तिच्या कर्त्यांनी सांगितले होते. नॅनो टिकली नाही, २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण ऐसपैस बसणे ही श्रीमंतीची मिरास नाही, एवढे तिने दाखवून दिले.

मग अडते कोठे? एक उत्तर करप्रणालीत आहे. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आले. 'छोटी' म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचे १२०० आणि डिझेलचे १५०० सीसीपर्यंत. ही चार मीटरची रेघ आजही कायम आहे. सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या अलीकडे जीएसटी १८ टक्के आहे आणि पलीकडे ४० टक्के. परिणामी अनेक गाड्या ३,९९५ मिलीमीटरवर येऊन थांबतात. शासनाने वाहनाची लांबी मोजली, माणसाची नाही. ज्याला हौसेसाठी मोठी गाडी हवी आणि ज्याला पाय ठेवण्यासाठी हवी, ते दोघे एकाच चैनीच्या सदरात गेले.

हा प्रश्न आरामापुरताच असता, तर सोसण्याची सवय आपल्याला आहेच. पण तो सुरक्षेचाही आहे. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत समोरच्या धडकेसाठी पुढील आसनांवर सुमारे पावणेसहा फुटांचा, ७८ किलोच्या आसपासचा पुरुष-पुतळा बसतो. गाडीचे तारे त्याच्या देहाने मिळवलेले असतात. डोके टेकवायची उशी मानेच्या मध्यावरच संपत असेल, पट्टा पोटावरून जेमतेम लागत असेल, छाती स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर असेल, तर त्या ताऱ्यांवर किती विसंबावे? आणि येथेच माझा प्रश्न माझ्यापुरता उरत नाही. पाच फुटांच्या आतील स्त्रीला पेडलपर्यंत पोचायला आसन पुढे ओढावे लागते आणि तीही एअरबॅगच्या फार जवळ जाते. सरासरीच्या दोन्ही टोकांची माणसे एकाच गैरसोयीचे भागीदार आहेत.

यावर आक्षेप असा, की आपल्याकडे अशी उंच माणसे किती? पुण्यातील एका दांपत्याची नोंद १९८९ मध्ये देशातील सर्वांत उंच जोडपे म्हणून लिम्का बुकात झाली. अशा नवलाईसाठी कारखाने चालवायचे काय? अर्थातच नाही. अपवादासाठी गाडी बनवा अशी मागणी येथे नाही. आसन थोडे अधिक मागे आणि खाली जावे, स्टिअरिंग वर-खाली होते तसेच पुढे-मागेही व्हावे, उशी पुरेशी वर यावी, एवढे पुरे आहे. एक मागणी मात्र त्याहूनही साधी आहे. आपल्या माहितीपत्रकांत डिकी किती लिटरची हे छापलेले असते. डोक्यावर किती जागा आहे आणि पायाला किती, हे सहसा नसते. सामानाची जागा सांगायची आणि माणसाची नाही, हा क्रम बदलला पाहिजे. ती दोन मापे छापणे कायद्याने बंधनकारक करावे.

तोवर आपले माप आपणच घ्यावे. बाहेरून उंच दिसणारी गाडी आतून उंच असतेच असे नाही, कारण तिची जमीनही वर उचललेली असते. सनरूफ छताच्या आतली काही बोटे खातो, तेव्हा तो नसलेला प्रकार आधी पाहावा. आसन मागे सरकवून क्लच पूर्ण दाबावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरते फिरवावे, पट्टा लावावा आणि अर्धा तास तसेच बसावे. आसन तसेच ठेवून मग मागे जाऊन बसावे, म्हणजे घरच्यांच्या वाट्याला काय येणार हेही कळते. विक्रेता 'सर, सवय होईल' म्हणतो. मला तसे एकाने सांगितलेही होते. सवय देहालाच का व्हावी, असे त्याला नम्रपणे विचारावे आणि पुढची गाडी पाहावी.