कडी आतूनच निघते!

दिवाळीला आपण घरातली जळमटे काढतो. संगणकाची आठवण मात्र कुणाला होत नाही. मला विचाराल तर, त्याची कडी बहुधा आतूनच निघते. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' जगभर पसरला, तो ओळखीच्या नावाने आलेले प्रेमपत्र लोकांनी हौसेने उघडले म्हणून! मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ते भगदाड बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. कित्येकांनी ते लावलेच नव्हते. तेव्हा वाचकहो, अपडेट टाळू नका. जोडपत्र आले तर पाठवणाऱ्याला आधी विचारा. आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क सोडवून कपाटात ठेवा. चोर शिरलाच, तरी एवढा ऐवज वाचेल!