वही लिहिली, पण वाचली कोणी?



लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर लाल बांधणीच्या वहीशेजारी आता बहुतेक पेढ्यांवर संगणकही विराजमान होतो. शिरूरच्या पेठेतील किराण्याचे दुकान असो, दौंडचे कापडाचे दालन असो किंवा केडगावची गुळाची आडत असो. बिल, उधारी, साठा, जीएसटी हे सारे एखाद्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन झाले आहे. वहीच्या काळी एक सोय होती. मुनीम लिहीत असे, धनी रात्री रोजकीर्दीचा ताळा पाहत असे आणि वर्षअखेरीस तिसरा जाणकार तीच पाने पुन्हा वाचीत असे. प्रोग्रॅमलाही अशीच एक वही असते. संगणकाने कोणत्या वेळी काय करावे याच्या हजारो ओळी तिच्यात लिहिलेल्या असतात. आपली मुले तिला सोर्स कोड म्हणतात. ही वही धन्याला कधी दिसत नाही. लिहिणाऱ्याखेरीज ती दुसऱ्या कोणी वाचली आहे काय, हा प्रश्न पाच हजारांचा माल घेताना दहा वेळा पारखणारे आपण सॉफ्टवेअर घेताना सहसा विचारीत नाही.

प्रोग्रॅमच्या एका खोट्या होकाराची किंमत किती असू शकते, हे पुण्यानेच पाहिले आहे. कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, आपल्यापैकी अनेकांच्या घरात जिचे खाते आहे अशी. एटीएमवर कोणी कार्ड घातले की ती मागणी ‘स्विच’ नावाच्या दुव्यातून बँकेच्या मुख्य खात्यांकडे जाते. शिल्लक तपासली जाते आणि मग होकार येतो. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी हल्लेखोरांनी या दुव्याच्या जागी स्वतःचा बनावट दुवा उभा केला. पेढीच्या दारात खऱ्या मुनिमाला बाजूला सारून तोतया मुनीम बसावा आणि खाते न उघडताच त्याने प्रत्येक चिठ्ठीवर ‘द्यावे’ असे लिहावे, तसा हा प्रकार. बनावट कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काही तासांत निघाले, भारतातून सुमारे अडीच कोटी, आणि १३ ऑगस्टला सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे गेला. एटीएममधून रोख काढणाऱ्या साखळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. केवळ सोर्स कोड तपासला असता तर हा दरोडा टळला असता, असे म्हणणे खरे होणार नाही. तेथे बाहेरचा प्रोग्रॅम आत शिरला होता, आणि शिरकाव रोखण्याचे उपाय निराळे असतात. परंतु पैशाचा निर्णय आता माणूस नव्हे तर संहितेच्या ओळी घेतात, हे त्या शनिवारी सर्वांना कळले. या ओळी आपल्या स्वतःच्या असल्या, तरी त्यांत दोष राहून गेलेला असू शकतो; आणि आतला दोष हा बाहेरच्या चोरासाठी उघडे राहिलेले दार असते.

असा दोष कसा असतो? एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या दुकानात गिऱ्हाईक चिठ्ठी पाठवते आणि नोकर चिठ्ठीत जे लिहिले असेल ते निमूटपणे करतो. एके दिवशी चिठ्ठीवर ‘साखर ५ किलो’ असे लिहिलेले आहे आणि त्याखाली धन्याच्या भाषेत आणखी एक ओळ आहे : ‘आणि उधारीची वही या माणसाजवळ द्यावी.’ नोकराला मागणी कोणती आणि हुकूम कोणता यातला भेद शिकवलेलाच नाही. तो वहीही देऊन टाकतो. हास्यास्पद वाटेल, पण संगणकाच्या जगातील अत्यंत प्रसिद्ध दोष हाच आहे. त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. गिऱ्हाइकाचे नाव लिहिण्याच्या चौकटीत कोणी नावाऐवजी हुकुमाचा तुकडा लिहितो, आणि प्रोग्रॅम तो तुकडा आपल्याच हुकुमात जोडून माहितीच्या कोठाराला पाठवतो. १९९८ पासून ही युक्ती जाहीरपणे ठाऊक आहे. तिच्यावरचा उपायही साधा आहे : हुकूम आधी पक्का लिहावा आणि गिऱ्हाइकाचा मजकूर वेगळ्या रकान्यात ठेवावा, म्हणजे तो कधीच हुकूम ठरत नाही. असे असूनही, घाईने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हा दोष आजही सापडतो.

दुसरा दोष याहून भाबडा आहे. डेटाबेसचा पासवर्ड थेट संहितेच्या ओळीत लिहून ठेवायचा! दुकानाला भारी कुलूप लावून किल्ली चौकटीवर टांगण्यासारखेच हे. एकच प्रोग्रॅम पन्नास दुकानांना विकलेला असेल, तर पन्नास कुलपांची किल्ली एकच असते, हेही ध्यानात घ्यावे.

आता हे दोष शोधायचे कसे? हजारो ओळी एकेक करून वाचणे माणसाला शक्य असले तरी तो थकतो. म्हणून संहिता वाचणारे प्रोग्रॅमच तयार झाले. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली असे एक साधन लिहिले आणि त्याला ‘लिंट’ हे नाव दिले. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेला तंतूंचा पिंजर. कापडाच्या व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यानंतरची साधने अधिक सूक्ष्म झाली. आडतीवर आलेल्या धान्याचे पोते चाळणीखालून गेले की नाही, हे जसे दारापासून कोठारापर्यंत पावलोपावली पाहावे, तसे हे साधन बाहेरून आलेल्या प्रत्येक मजकुरावर खूण करते आणि तो संहितेच्या कोणकोणत्या वाटांनी जातो त्याचा माग काढते. वाटेत चाळणी न लागता तो थेट हुकुमाच्या जागी पोहोचला, तर साधन त्या ओळीवर बोट ठेवते. विशेष म्हणजे त्यासाठी प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. वही वाचूनच चूक हेरली जाते.

हे शास्त्र परदेशातच वाढले असा समज नसावा. दौंडहून पुण्याकडे जाताना जे हडपसर लागते, तेथील औद्योगिक वसाहतीत टाटा समूहाचे संशोधन केंद्र आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली ते पुण्यात सुरू झाले. टीआरडीडीसी या नावाने ते ओळखले जाते. मोटारींच्या आतील छोट्या संगणकांची संहिता तपासण्यासाठी तेथील संशोधकांनी स्वतःचे साधन घडवले. शून्याने भागाकार होईल काय, यादीच्या बाहेरच्या रकान्यात लिहिले जाईल काय, अशा चुका ते शोधते. याच केंद्रातील ‘व्हेरीअॅब्स’ या साधनाने २०२० साली प्रोग्रॅम-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका प्रमुख विभागात पहिला क्रमांक मिळवला. आपल्या रोजच्या लोकलच्या वाटेवर हे काम चालते, आणि दौंडमध्ये त्याची वार्ता नसते, याचे मला नवल वाटते.

साधन घेतले म्हणजे निश्चिंत झालो, असे मात्र नाही. एच. जी. राइस या गणितज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केलेला एक सिद्धांत आहे. त्याचे व्यवहारातील तात्पर्य असे की कोणत्याही प्रोग्रॅमचे वर्तन अचूक सांगणारा सर्वज्ञ परीक्षक प्रोग्रॅम कधीच तयार होऊ शकत नाही. परीक्षक एकतर काही दोष सोडून देईल, नाहीतर निर्दोष ओळींवरही आक्षेप घेईल. हार्टब्लीड नावाचा दोष याचे उत्तम उदाहरण. इंटरनेटवरील गोपनीय व्यवहार ज्या ओपनएसएसएल संहितेवर विसंबून असतात, तिच्यात हा दोष २०१२ पासून होता; तो एप्रिल २०१४ मध्ये जगजाहीर झाला. गुगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन या कंपनीचे संशोधक यांना तो स्वतंत्रपणे सापडला. त्या काळच्या नामांकित तपासणी साधनांना तो दिसला नव्हता. कोव्हेरिटी या साधनाच्या कर्त्यांनी त्यानंतर आपली चाळणी सुधारली.

व्यवहारात याच्या उलट बाजूचा त्रास अधिक होतो. साधन प्रथमच चालवले की शेकडो इशारे येतात, आणि त्यांतले बरेचसे निरर्थक असतात. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे धनी उठेनासा होतो, आणि नेमका त्याच रात्री चोर येतो. म्हणून यंत्राच्या वाचनानंतर जाणत्या माणसाचे वाचन हवेच. कोणता इशारा खरा, कोणता सोडून द्यावा आणि का सोडला, याची नोंद ज्याने ठेवली त्याची तपासणी खरी. उरलेले इशारे एका कळीने बंद करणारे वीरही आहेत. त्यांचा अहवाल अगदी स्वच्छ दिसतो.

आणखी एक बाजू व्यापाऱ्याला पटकन कळेल. फरसाण आपण बनवतो, पण बेसन दुसऱ्याकडून आणतो. भेसळ बेसनात असेल तर आपल्या कारागिराची हातोटी काय कामाची? आजचा कोणताही प्रोग्रॅम असाच बाहेरून आणलेल्या तुकड्यांवर उभा असतो. लॉगफोरजे नावाचा एक फुकट तुकडा जगभरातील असंख्य प्रोग्रॅममध्ये वापरला जात होता. नोंदी ठेवणे एवढेच त्याचे काम. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले की त्याच्यापुढे विशिष्ट मजकूर आला तर तो बाहेरून परका प्रोग्रॅम आणून चालवतो. ही सोय त्यात २०१३ पासून होती. अनेक कंपन्यांपुढे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. आपल्या मालात हा तुकडा नेमका कोठे आहे, हेच त्यांना सांगता येईना. म्हणून आता बाहेरच्या तुकड्यांची आवृत्तीसह यादी ठेवण्याचा आग्रह धरला जातो. पुड्यावर घटकद्रव्ये छापावीत, तशीच ही यादी.

आपल्यापैकी अनेक जण पतसंस्थांवर संचालक आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकात व्यापारी बँकांना सुचवले की महत्त्वाच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड जाणकारांकडून तपासून घेण्याचा विचार करावा, किंवा त्यात घातक संहिता नाही अशी हमी पुरवठादाराकडून घ्यावी. कॉसमॉसच्या घटनेनंतर नागरी सहकारी बँकांसाठीही सायबर सुरक्षेची चौकट आली. पतसंस्था मात्र सहकार कायद्याखाली असतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे; तेव्हा ही परिपत्रके आपल्याला लागू नाहीत असे म्हणून कोणी सुस्कारा सोडील. ठेवी मात्र आपल्याच गावच्या विधवा भगिनींच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या आहेत. शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा दुकानालाही ओळखतो आणि संस्थेलाही. ग्राहकाची माहिती ज्याने स्वतःच्या कामासाठी घेतली, जबाबदारी त्याची. काम सॉफ्टवेअरवाल्याकडे सोपवले म्हणून ती टळत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

मग करावे काय? सोर्स कोड आपल्याला दाखवा, असे पुरवठादाराला म्हणण्याची गरज नाही. तो त्याचा व्यवसाय आहे आणि तो आपल्याला वाचताही येणार नाही. परंतु तपासणीचा अहवाल गिऱ्हाईक म्हणून आपण मागू शकतो. शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात झाली, कोणत्या साधनाने झाली, गंभीर दोष किती निघाले आणि त्यांतले किती अद्याप शिल्लक आहेत, हे त्याने लेखी द्यावे. एकही दोष निघाला नाही असे जो सांगेल, त्याच्यापेक्षा बारा निघाले, अकरा दुरुस्त केले, बाराव्याचे काम चालू आहे असे सांगणारा मला अधिक विश्वासाचा वाटतो. वार्षिक देखभालीच्या करारात ही अट घालायला शाईखेरीज खर्च नाही. लहान पुरवठादार पैशांची अडचण सांगेल. त्याला सेमग्रेप किंवा सोनारक्यूब ही नावे सुचवावीत. दोन्हींच्या विनामूल्य आवृत्त्या आहेत. (दुसऱ्याचे नाव ऐकून आपल्या सराफ बंधूंनी हरखून जाऊ नये, त्याचा सुवर्णकाराशी संबंध नाही.) एकाच माणसाने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला जुना प्रोग्रॅम वापरात असेल, तर त्या माणसाच्या पश्चात संहिता कोणाच्या हाती राहील, हेही याच करारात लिहून घ्यावे.

खराडी-हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणारी आपली मुले-मुली सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांना याविषयी अवश्य विचारावे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटाला शेकडो ओळी लिहून देते. लिहिणे स्वस्त झाले आहे आणि वाचणाऱ्याची टंचाई आहे. दुसऱ्याची संहिता बारकाईने वाचून दोष दाखवणे हा आज स्वतंत्र पेशा आहे. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खतावणी तपासली गेली आहे. त्या मुलांपैकी एखाद्याला हा पेशा आवडला, तर त्याने पहिली चाळणी आपल्याच पेढीच्या बिलिंग प्रोग्रॅमवर, अर्थात पुरवठादाराची लेखी संमती घेऊन, चालवून पाहावी. संमतीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात डोकावणे, हेतू चांगला असला तरी, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.