परदेशी भूभागांवरचे दावे नकाशात हवेतच



दूरदेशीच्या वादग्रस्त भूभागांवर कोण हक्क सांगतो हे शाळेच्या नकाशात दाखवू नये, त्याने मुलांचा गोंधळ उडतो आणि दाव्याला मान्यता मिळते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. बुलडाण्याच्या माणसाला तर पटूच नये.

आपला जिल्हाच कित्येक दशके दुहेरी हक्काखाली होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात इंग्रजांनी वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. मेहकर-चिखलीचा शेतसारा इंग्रजांच्या तिजोरीत आणि सार्वभौमत्व हैदराबादचे! पुढे निजामाने वऱ्हाड परत मागितला, तो मिळाला नाही. तरी १९३६ च्या करारानंतर त्याचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झालाच. त्या वऱ्हाडला नकाशात कोणताही एकच रंग दिला, तरी आपल्या आजोबा-पणजोबांवर राज्य कोणाचे होते ते कळणार नाही.

आता अंटार्क्टिका पाहा. सात देश तिथल्या जमिनीवर हक्क सांगतात. १९५९ च्या अंटार्क्टिक करारातील चौथ्या कलमाने हे दावे मान्यही केले नाहीत आणि रद्दही केले नाहीत, जागच्या जागी गोठवले. आपले ‘मैत्री’ केंद्र नॉर्वेच्या दाव्याच्या पट्ट्यात आहे, ‘भारती’ ऑस्ट्रेलियाच्या. तरीही भारत तिथे स्वतःच्या अधिकाराने संशोधन करतो. नकाशात तो भाग ऑस्ट्रेलियाच्या रंगात रंगवला, तर ‘भारती’ परक्याच्या जमिनीवर आहे असे मूल समजेल. कोरा सोडला, तर त्या कराराचे मोल त्याला कधीच उमगणार नाही.

दावा छापल्याने तो खरा ठरत नाही, आणि पुसल्याने मिटतही नाही. चागोस बेटे ब्रिटनच्या ताब्यात असूनही मॉरिशसने आपला हक्क सोडला नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मॉरिशसच्या बाजूने पडले आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व सोपवण्याच्या करारावर सही केली.

भारताच्या स्वतःच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच छापाव्यात. तसा कायदा आहे आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मागणी परदेशी भूभागांपुरती आहे. प्रत्यक्ष ताबा सलग रेषेने, दावा तुटक रेषेने, आणि खाली दोन ओळींत दावेदारांची नावे व वादाचे वर्ष. बालभारतीने भूगोलाच्या पुढच्या आवृत्तीत एवढे करावे, आणि सुरुवात अंटार्क्टिकाच्या पानापासून करावी.

– एक वाचक, मेहकर (जि. बुलडाणा)